बाहेरचे जिने

या गल्लीत जिने घराबाहेर आहेत.
आतली जागा वाचते, असं बांधणारे म्हणत.
माझ्या गुडघ्यांना विचाराल तर
टपालखात्यावर कुणाचा तरी जुना डूख होता.

एकोणतीस हिवाळे चढलो ते,
लोखंडी, पीळ घातलेले, बर्फाने चकाकणारे,
हातात वीजबिलं, पेन्शनचे चेक,
सुपरमार्केटची गुळगुळीत पत्रकं.
बेचाळीस नंबरच्या जिन्याची नववी पायरी सैल.
जाणाऱ्याने येणाऱ्याला एवढं सांगून जायचं.
भाडेकरारात नसलेलं हे एकच कलम
कधी कुणी मोडलं नाही.

आधी इथे खाण होती. चुनखडीची.
ओविला देरोझिए तिथे सुरुंग लावायचा.
अकरा पोरं, तीन खोल्या,
अन् स्फोट झाला की फडताळातल्या बश्या
एकमेकींना हळूच काहीतरी सांगायच्या.
तिथला दगड निघाला, शहराची चर्चं उभी राहिली,
मग शहराने त्या खड्ड्यात आपला कचरा ओतला.
फिटंफाट.
वर माती, मातीवर गवत, गवतावर बाक.
अजून या घरांत गोटी जमिनीवर ठेवा,
खाणीच्या दिशेनेच घरंगळते.

पत्रपेट्यांवर रंगाचे थर चढत गेले.
नखाने खरवडलं तर फ्राझाओखाली कार्वुनिस,
कार्वुनिसखाली देरोझिए,
त्याखाली नुसता गंज.
स्तामातिया कार्वुनिस घरी काजं करायची, डझनावर मजुरी,
बोटाला दोरा तसाच ठेवून दार उघडायची.
काळ्या कडेचं पाकीट असलं की
मी आधी बिल द्यायचो, मग हवेबद्दल बोलायचो.
तिला कळायचंच.
“दे,” म्हणायची, “दे.
तुला अजून जिना उतरायचाय.”

एक जुलैला अख्खं मॉन्ट्रियल बिऱ्हाड हलवतं.
सगळ्यांचे करार एकाच दिवशी संपतात.
फ्रिज दोरांना लटकून दुसऱ्या मजल्यावरून खाली येतो,
आत कुणी विसरलेलं लोणी.
गाद्या फुटपाथवर उताण्या.
माणसं तीन गल्ल्या पलीकडे जातात
अन् समुद्र ओलांडल्यासारखी रडतात.
ज्यांनी खरंच ओलांडलेला असतो,
ती पिझ्झा मागवतात.

आदेलिनो फ्राझाओ मात्र कधी हलला नाही.
मागल्या अंगणात त्याचं अंजीर होतं.
दर ऑक्टोबरात एका बाजूची मुळं सोडवून
झाड आडवं करायचा, चरात निजवायचा,
वर फळ्या, पोती, माती. एप्रिलात उठवायचा.
“आमच्या बेटावर याला काही लागत नाही,” म्हणायचा,
“इथे याला आधी मरायला शिकवावं लागतं.”

जानेवारीत तो गेला.
एप्रिल आला. माझ्या लक्षातच आलं नाही.
खोटं बोलतोय. आलं होतं लक्षात.
पण पोस्टमनने कुणाच्या अंगणात खणावं का?

जुलैत तिथे इलफ्रेन राहायला आली,
जाकमेलची, रात्रपाळीची नर्स.
भेंडी लावायला कुदळ मारली,
अन् मला जिन्यातच अडवलं:
“खाली काहीतरी आहे. लाकूड.
त्याला पानं आहेत. पांढरी.”

टपालाची पिशवी कठड्याला टांगली.
दोघांनी उपसलं, उभं केलं, टेकू दिला.
तिने त्याच्या सालीवर दोन बोटं ठेवली,
नाडी बघावी तशी, बराच वेळ.
त्या वर्षी फळ नाही. पुढल्या वर्षी सात.

आता तिन्ही मजले एकानेच घेतलेत.
भिंती पाडून एक घर. पेटी एक, नाव एक,
पत्रं बहुधा येतच नसावीत.
इलफ्रेनने बादलीत एक फांदी नेली
लावालला, नवा पत्ता मला तोंडपाठ आहे.
जिना नवा, काळाभोर. सगळ्या पायऱ्या घट्ट.
कुणी कुणाला काही सांगायची गरज नाही.

मी निवृत्त. पण मेट्रोत, दवाखान्यात,
कुठेही आठ पायऱ्या झाल्या
की पाय आपसूक लांब पडतो.
मागचे समजतात,
म्हाताऱ्याला घाई आहे.